दलित स्त्रियांची आत्मकथनं गटात वाचताना: क्रम, पद्धत आणि हमखास होणाऱ्या चुका

प्रश्न असा आहे: इंदूरमधल्या एका मराठी वाचनगटानं, दहाबारा जणांनी मिळून, दलित स्त्रियांची आत्मकथनं वाचायला घेतली. दोन बैठका झाल्या आणि दोन्ही वेळा चर्चा 'किती सोसलं हो बाईनं' इथं येऊन थांबली. जात आणि बाईपण एकत्र कसं वाचायचं, पुस्तकं कोणत्या क्रमानं घ्यायची, आणि आत्मकथनात 'खरं' किती नि 'रचलेलं' किती हे कसं बघायचं?

आधी चर्चा का थांबते ते बघू. वाचणारा हळहळला की पुस्तकातली बाई सोसणारी आणि आपण कळवळणारे, एवढंच नातं उरतं. सोसायला लावलं कोणी, कोणत्या नियमानं, त्या नियमातून कोणाचं घर चाललं, हे विचारायचं राहून जातं. ह्या बायकांनी लेखणी धरली ती नेमकं हेच सांगायला. त्यांना आपले अश्रू नको होते, साक्ष नोंदवायची होती. साक्ष ऐकणाऱ्यानं डोळे पुसत बसलं तर साक्ष वाया जाते.

दुसरं कारण 'दुहेरी शोषण' हा शब्द. शब्द चुकीचा नाही, पण तो बेरीज सुचवतो: डोक्यावर जातीचं एक गाठोडं, त्यावर बाईपणाचं दुसरं. मग चर्चेत दोन याद्या होतात, एक गावानं केलेल्या अन्यायाची आणि एक नवऱ्यानं केलेल्या अन्यायाची. पुस्तकांत मात्र ही गाठोडी वेगळी काढताच येत नाहीत. जात बाईच्या लुगड्याच्या निऱ्यांतून चालते, तिच्या केसांतून, बाळंतपणातल्या भुकेतून चालते. आणि घरातला जाच गावानं लादलेल्या दारिद्र्यातून आणि अपमानातून आपली ताकद घेतो. हे पटवून सांगण्यापेक्षा एक प्रसंग समोर घेऊन बसलेलं बरं.

बेबीताई कांबळे यांचं 'जिणं आमुचं' घ्या. आधी 'स्त्री' मासिकातून क्रमशः आलेलं हे लेखन १९८६ साली पुस्तकरूपात आलं. वीरगाव आणि फलटण हा त्याचा मुलूख. त्यात महारवाड्यातल्या बायका सरपणाच्या मोळ्या विकायला ब्राह्मणआळीत जातात. मोळी टाकल्यावर घरची बाई बजावते, की काटकी न् काटकी नीट बघ, तुझा एखादा केस किंवा लुगड्याचा धागा लाकडाला चिकटून आत आला तर घर विटाळेल. प्रसंग एवढासाच आहे. पुढची पानं उलटायची घाई न करता इथं पाऊण तास द्या.

पहिली गोष्ट, दृश्यात पुरुष एकही नाही. नियम करणारा हजर नाही, तरी नियम चालतो आहे, आणि तो चालवते आहे दुसरी एक बाई. दुसरी गोष्ट कामाची. रानातून लाकूड गोळा करायचं, मोळी बांधायची, डोक्यावरून आणायची, उतरवायची, ह्याचे पैसे ठरलेले. पण लाकडावरचा केस शोधून काढायचा, म्हणजे समोरच्या घराचं सोवळं सांभाळायचं, हे काम त्याच बाईच्या गळ्यात आणि तेही फुकट. जिच्या स्पर्शानं विटाळ होतो तिनंच विटाळ निवडून काढायचा. तिसरी गोष्ट, विटाळ कशातून जातो? केसातून आणि लुगड्याच्या धाग्यातून. म्हणजे जातीचा विटाळ इथं बाईच्या अंगाखांद्यावरच्या खुणांत राहतो. चौथी गोष्ट उंबऱ्याच्या आतल्या बाईची. स्वयंपाकघराचं पावित्र्य ही तिच्यावर टाकलेली जबाबदारी, आणि ते सांभाळण्यातच तिचं घरातलं स्थान. ती स्वतः त्या घरात मोकळी नाही, पण पहारा तिनंच द्यायचा आहे.

आता डॉ. आंबेडकरांचा १९१६ सालचा, कोलंबिया विद्यापीठात वाचलेला भारतातल्या जातींवरचा निबंध आठवा. जात टिकते ती जातीतल्या जातीत लग्न लावून, आणि त्यासाठी बायकांवर बंधनं घालावी लागतात, अशी त्यातली मांडणी आहे. निबंध आधी आणि प्रसंग मागून घेतला, तर वाचक प्रसंगाला निबंधाचा पुरावा करून टाकतो. उलट क्रमानं गेलात तर मोळीवरचा केस स्वतःच बोलतो. माझा आग्रह नेहमी ह्या क्रमाचा असतो.

गटासाठी एक साधी वही ठेवा. आडव्या पानावर चार रकाने: वस्तू, जागा, हात कोणाचे, नियम कोणाचा. प्रत्येकानं घरी वाचताना एका बैठकीसाठी तीनच नोंदी करायच्या, जास्त नाही. 'भूक', 'अपमान', 'दारिद्र्य' असे शब्द पहिल्या रकान्यात लिहायला मनाई. तिथं हाताला लागेल अशीच गोष्ट हवी: भाकरीचा तुकडा, लुगड्याचा काठ, पाटी, टोपली, गावची वेठ करणाऱ्या येसकराची घुंगरांची काठी. भावनेचं नाव लिहिलं की विचार तिथंच संपतो, वस्तू लिहिली की ती कोणाच्या हातात होती हे सांगावं लागतं. चौथा रकाना सगळ्यांत अवघड जातो. तो रिकामा राहिला तर राहू द्या, बैठकीत मिळून भरा.

ह्याच पुस्तकात लुगड्याच्या काठाचा उल्लेख आहे. वरच्या जातींतल्या बायका निऱ्यांत काठ दिसेल असं नेसत, महार बायकांना मात्र तो झाकावा लागे. रकाने भरून बघा: वस्तू काठ, जागा रस्ता, हात बाईचे स्वतःचे, नियम गावाचा. तिनं काय नेसायचं हे तिच्या घरानंसुद्धा ठरवलेलं नाही. आणि मग डिसेंबर १९२७ मध्ये महाडला बाबासाहेबांनी बायकांना उद्देशून जे सांगितलं, की लुगडं नेसण्याची जुनी, ओळख पटवणारी तऱ्हा सोडा, ते भाषण वेशभूषेवरचं राहत नाही. काठ दाखवणं हे महाडच्या चवदार तळ्याचं पाणी पिण्याइतकंच जातीवर घाव घालणारं होतं.

आता जिथं गट हमखास घसरतो ती जागा. बेबीताई महारवाड्याच्या आतलंही लिहितात, काही झाकत नाहीत. आठनऊ वर्षांच्या मुलींची लग्नं, सासूचा छळ, पळून जाऊ बघणाऱ्या सुनेच्या पायात अडकवलेला लाकडाचा खोडा, त्यानं सोलून निघालेला पाय. हे वाचताना सवर्ण वाचकाला कुठंतरी हायसं वाटतं: 'बघा, त्यांच्यातही होतंच की!' तोंडानं कोणी म्हणत नाही, पण पुढची सगळी चर्चा तिकडे कलते. आणि गटात दलित पुरुष असेल तर तो उलट बाजूनं अवघडतो: घरातलं चव्हाट्यावर कशाला?

दोघांनाही उत्तर पुस्तकातच आहे. बेबीताईंचं म्हणणं थोडक्यात असं, की बाहेरच्यांनी आम्हाला गुलाम केलं, पण आम्हीही माणसंच, आम्हालाही कोणावर तरी सत्ता गाजवावीशी वाटली, तशी कोण गाजवू देणार? मग आम्ही आमच्या सुनांतच गुलाम शोधले. ह्या विचारात गावाला सूट नाही आणि घरालाही नाही. खोड्याचं लाकूड घरचं, पण तो घालायची भूक कुठून आली हे ती सांगते. ह्या पानांशी थांबून गटानं दोनच प्रश्न घ्यावेत: ह्या सुनेला पळून जायला जागा कोणती होती? आणि माहेरी पोचली असती तर तिला परत कोणी पाठवलं असतं? उत्तरं शोधताना गाव, जातपंचायत, बाप, भूक सगळं एका ओळीत येऊन उभं राहतं.

सर्वनामं मोजा. हे ऐकायला शाळकरी वाटतं, पण ह्याइतकं उघडं करणारं दुसरं साधन नाही. कोणतंही एक प्रकरण घ्या, पेन्सिलीनं 'मी' आणि 'आम्ही' वेगळे खुणवा. 'जिणं आमुचं' ह्या नावातच 'आमुचं' आहे, आणि आत लेखिकेच्या स्वतःच्या संसाराबद्दल फार थोडं आहे. तिनं ते लिखाण वीसेक वर्षं घरच्यांपासून लपवून ठेवलं होतं. माया पंडित यांनी केलेला इंग्रजी अनुवाद २००८ साली आला. त्याला जोडलेल्या मुलाखतीत बेबीताई नवऱ्याच्या संशयाबद्दल आणि मारहाणीबद्दल बोलल्या. म्हणजे पुस्तकात गाळलेलं मुलाखतीत आलं. गटात कोणी विचारेल, मग पुस्तक अपुरं का? मला तसं वाटत नाही. चळवळीसाठी, समाजासाठी लिहिताना बाईनं स्वतःचं दुखणं मागं ठेवायचं, हा अलिखित दंडकच त्या गाळलेल्या जागेत दिसतो. न लिहिलेलं वाचायला शिकणं ह्या पुस्तकांसाठी फार गरजेचं आहे.

उर्मिला पवार यांच्या 'आयदान'मध्ये (२००३) 'मी' पुढं येते. शिक्षण, नोकरी, लेखन, बायकांच्या संघटना, आणि बायको पुढं जाते म्हणून घरात होणारी कुरबूर, सगळं नाव घेऊन. सतरा वर्षांचं अंतर दोन पुस्तकांत आहे, आणि त्या सतरा वर्षांत दलित स्त्रियांनी स्वतंत्रपणे संघटित व्हायला सुरुवात केली होती. 'मी' म्हणायला बळ अशा सोबतीतून येतं. दोन्ही पुस्तकांतलं एकेक प्रकरण शेजारी ठेवून खुणा मोजल्या की हा बदल सांगावा लागत नाही.

'आयदान'मधली वस्तू तर नावातच आहे. कोकणात बांबूच्या विणलेल्या टोपल्या-सुपांना आयदान म्हणतात. रत्नागिरीजवळच्या फणसवळ्याची ही माणसं, आणि आई दिवसरात्र आयदानं विणते. लहान मुलगी ती पोचवायला जाते तेव्हा ती पायरीशी उभी, घरची माणसं आयदानावर पाणी शिंपडून ते आत घेतात, पैसे वरून हातात टाकतात. मोळीचा प्रसंग आणि हा प्रसंग जोडून वाचा. लाकूड निवडून शुद्ध होतं, टोपली पाणी शिंपडून शुद्ध होते, विणणारा हात मात्र कशानंच होत नाही. आईचं विणणं आणि आपलं लिहिणं एकाच जातीचं आहे असं लेखिका मानते. ही उपमा सुंदर आहे म्हणून वहीत उतरवून मोकळं होऊ नका. विणताना बोटं कापतात, आणि विणलेलं विकल्याशिवाय चूल पेटत नाही, हे दोन्ही तिच्यात आहे.

खरं किती, रचलेलं किती, ह्याबद्दल. मराठीत ह्या लेखनाला 'आत्मचरित्र' न म्हणता 'आत्मकथन' किंवा 'स्वकथन' म्हणण्याचा प्रघात पडला, त्याला कारण आहे. आत्मचरित्र मोठ्या माणसानं कृतार्थ आयुष्याकडे मागं वळून बघत लिहायचं, असा संकेत. इथं सांगणारी एकटी नाही, वस्तीच्या वतीनं बोलते. संवाद शब्दशः आठवलेले नसतात, दोन जत्रा एका जत्रेत येतात, लांबच्या आठवणींना कथेसारखा आकार येतो. सगळीच आत्मकथनं असं करतात, पण 'हे खरंच घडलं का' असं फक्त दलित बाईलाच विचारलं जातं. हा प्रश्न गटात आला तर त्याची दिशा बदला: असं घडू शकण्याचा नियम गावात होता का? नियम होता की नाही हे तपासता येतं. वतनदारीची, म्हणजे वंशपरंपरेनं गावासाठी करायची, कामं कायद्यानं नोंदलेली होती. महार वतनासह कनिष्ठ वतनं रद्द करणारा मुंबई राज्याचा कायदा १९५८ सालचा आहे.

आत्मकथनात्मक कथेचं बळ बघायचं असेल तर उर्मिला पवारांचीच 'कवच' ही कथा 'आयदान'मधल्या बाजाराच्या पानांबरोबर घ्या. आंबे विकणारी आई, आंब्याच्या नावावरून गिऱ्हाईक पुरुषांचं द्वयर्थी बोलणं, आणि ते ऐकणारा तिचा मुलगा. आत्मकथनात लेखिका मुलगी म्हणून बघते, कथेत डोळा मुलाचा होतो, आणि त्यामुळे आईची लाज आणि आईचं धाडस दोन्ही वेगळ्या उजेडात येतात. कल्पितानं इथं सत्य पातळ झालेलं नाही, जिथं 'मी' पोचू शकत नव्हती तिथं ते पोचलं आहे. तमिळमध्ये बामा यांनी हेच केलं: १९९२ च्या 'करुक्कु'त स्वतःची गोष्ट, आणि नंतरच्या 'संगति'त वस्तीतल्या अनेक बायकांच्या बोलण्याची मिळून कादंबरी.

क्रमाबद्दल माझं मत ठाम आहे. सुरुवात मुक्ता साळवेपासून करा. पुण्यात फुल्यांच्या शाळेत शिकणारी मांग समाजातली ही मुलगी, वय चौदाच्या आसपास. १८५५ साली 'ज्ञानोदय' ह्या नियतकालिकात मांगमहारांच्या दुःखाविषयी तिचा निबंध छापून आला. अर्ध्या तासात मोठ्यानं वाचून होतो. घरावर छप्पर नसताना बाळंत होणाऱ्या बायकांचं थंडीवाऱ्यातलं दुःख तिनं त्यात लिहिलं आहे. म्हणजे जात आणि बाईपण एका वाक्यात आणणं ही अलीकडची, परदेशातून आलेली कल्पना आहे असं कोणी म्हणालं, तर उत्तर पावणेदोनशे वर्षांपूर्वीच्या मराठीत तयार आहे. मग दोन बैठका 'जिणं आमुचं'ला. चौथीत शांताबाई कांबळे यांच्या 'माज्या जल्माची चित्तरकथा'मधली (१९८६) शाळेची आणि शिक्षिका झाल्यानंतरची पानं, सोबत कुमुद पावडे यांच्या 'अंतःस्फोट'मधला (१९८१) संस्कृतच्या शिक्षणावरचा लेख. पाचवी 'आयदान'ची. सहावीबद्दल शेवटी लिहितो.

चौथ्या बैठकीबद्दल एवढंच: कुमुदताईंचा लेख 'जिद्दीनं शिकलेली मुलगी' ह्या मथळ्याखाली जाऊ देऊ नका. संस्कृत घेऊन उत्तम शिकलेल्या बाईला नोकरी मिळेना, आणि मिळाली ती आंतरजातीय लग्नानंतर. कुमुद सोमकुवर ह्या नावाला जे मिळालं नाही ते पावडे ह्या नावाला मिळालं, हे त्या स्वतः नोंदवतात. तिची विद्वत्ता तीच, पदवी तीच, बदललं ते नवऱ्याकडून आलेलं आडनाव. चार रकाने इथं आपोआप भरतात, आणि वस्तूच्या रकान्यात 'आडनाव' लिहायला हरकत नाही.

भाषेची अडचण इंदुरात जास्त जाणवेल. आपल्याकडची घरातली मराठी एकतर होळकरी वळणाची किंवा हिंदीत मिसळलेली. येसकर, तराळ, बलुतं, जोहार, पड, पोतराज हे शब्द कानावरचे नाहीत. पहिल्या बैठकीआधी वीसपंचवीस शब्दांचं एक पान तयार करून सगळ्यांना द्या. येसकर म्हणजे नुसतं 'पहारेकरी' लिहू नका. पाळीनं गावची वेठ करणारा आणि त्याबदल्यात घरोघर भाकरी मागणारा, असं कामासकट लिहा. पड म्हणजे मेलेलं जनावर. ते ओढून न्यायची सक्ती आणि त्याचं मांस खायची पाळी, दोन्ही त्या शब्दात आहेत. मोठ्यानं वाचताना बोली 'सुधारून' वाचायची नाही, आणि नाटकी हेल काढूनही नाही. नेहमीच्या सुरात, सावकाश वाचायचं. हेल काढला की कोणीतरी हसतं, आणि त्या हसण्यानं जे मोडतं ते त्या बैठकीत पुन्हा सांधता येत नाही. जातिवाचक शिव्या पुस्तकात असतील तर वाचणाऱ्यानं क्षणभर थांबून, डोळ्यांनी वाचा असं सांगून पुढं जावं. लेखिकेनं त्या लिहिल्या म्हणून आपण त्या खोलीत पुन्हा उच्चारायला हव्यात असं नाही.

गटात दलित सभासद असतील तर 'तुमच्याकडे कसं असतं' हा प्रश्न विचारायचा नाही. त्या वाचक म्हणून आल्या आहेत, पुस्तकाची पुरवणी म्हणून नाहीत. स्वतःहून बोलल्या तर ऐका, आणि पुढच्या बैठकीत त्यांचं बोलणं उदाहरण म्हणून वापरू नका. सवर्ण सभासदांना मात्र एक गृहपाठ जरूर द्या: आपल्या घरात वेगळा कप, वेगळी दोरी, मागचं दार, वरून पाणी घालणं ह्यांतलं काय होतं आणि ते बघायचं काम कोणत्या बाईकडे होतं, हे घरी विचारून यायचं. गटात सांगायची सक्ती नको. विचारणं पुरे. 'आता असं काही राहिलं नाही' हे वाक्य त्यानंतर बहुधा ऐकू येत नाही.

वेळ दोन तास धरा. वीस मिनिटं मोठ्यानं वाचन, मग पाच मिनिटं कोणीच बोलायचं नाही. ही पाच मिनिटं लोक टाळतात, पण पहिला उद्गार हळहळीचा असतो आणि तो गिळायला तेवढा वेळ लागतो. मग वहीतल्या नोंदी, एका बैठकीत जास्तीत जास्त दोन प्रसंग. घरी वाचायला एका वेळी तीसेक पानं खूप झाली.

सहावी बैठक हिंदीतली ठेवा, आणि हे फक्त इंदूरसारख्या ठिकाणच्या मराठी गटालाच सहज जमेल. कौसल्या बैसंत्री नागपूरच्या, मातृभाषा मराठी, पण 'दोहरा अभिशाप' (१९९९) त्यांनी हिंदीत लिहिलं. आजी, आई आणि स्वतः अशा तीन पिढ्या त्यात आहेत, आणि जुलै १९४२ मधल्या नागपूरच्या दलित महिला परिषदेच्या त्या साक्षीदार. हे लिहिल्याबद्दल नवरा, भाऊ, मुलगा रागावतील ह्याची जाणीव त्या सुरुवातीलाच देतात. बेबीताईंनी जे गाळलं ते इथं प्रस्तावनेतच आलं आहे. जोडीला सुशीला टाकभौरे यांचं 'शिकंजे का दर्द' (२०११): लेखिका मध्य प्रदेशातल्या बानापुरा गावच्या, वाल्मीकी समाजातल्या. 'हे सगळं तिकडे महाराष्ट्रात' असं म्हणून सुटणाऱ्याला हे पुस्तक सुटू देत नाही. बानापुरा आपल्याच राज्यात आहे, आणि बाबासाहेबांचं जन्मगाव महू तर इंदूरच्या राजवाड्यापासून पाऊण-एक तासावर.

हिंदी पुस्तकं वाचताना वहीतले रकाने मराठीतच भरा. कौसल्याबाईंच्या हिंदीखाली नागपुरी मराठी वाहते आहे. ज्या ओळीशी आपल्याला मराठी शब्द आधी सुचेल, तिथं खूण करा, आणि त्याच खुणांपासून बैठक सुरू करा.